कोकमात घासलेलं नाणं

धनत्रयोदशीच्या सकाळी मागल्या दारी न्हाणीच्या दगडावर उकिडवा बसून मी एक चांदीचं नाणं भिजवलेल्या कोकमाने आणि चुलीतल्या राखेने घासलं. चांगलं मन लावून घासलं. धुऊन उन्हात धरलं, तर ते आमच्या पळीसारखं आणि ताम्हनासारखं लख्ख झालेलं. मला फार समाधान वाटलं. ते समाधान अर्धं मिनिट टिकलं, कारण तेवढ्यात बायको धुणं वाळत घालायला बाहेर आली.

"काय घासताय एवढं?"

"नाणं."

"कुठलं?"

मी तांब्या उचलून उगीचच हातावर पाणी घेतलं. चोवीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार पाठ झाले आहेत. तिने हातातली ओली चादर तशीच दोरीवर टाकली आणि जवळ आली.

"बाबांचं?"

"घासलं असं नाही गं. अंगठ्याचा ठसा उमटला होता, तेवढा काढला."

"कोकमाने?"

"थोडी राख पण होती."

चादरीला चिमटे लावले आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं वाटायला लावण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

आता हे नाणं काय होतं, ते सांगायला हवं. महाराजांच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून सरकारने चांदीचं एक नाणं काढलं. ते बाजारात चालवायचं नसतं, जपून ठेवायचं असतं. टांकसाळीकडे आगाऊ नोंदणी करायची आणि मग ते छानशा पेटीतून टपालाने घरी येतं. ही बातमी आमच्या सासऱ्यांनी पेपरात वाचली आणि कापून वहीत ठेवली.

सासरे आंजर्ल्याला राहतात. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. सासूबाई गेल्यापासून एकटेच असतात. माझी बायको त्यांची एकुलती एक मुलगी, त्यामुळे मीही एकुलता एक जावई. चोवीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. उलट दर मे महिन्यात फणसपोळ्या आणि सल्ले न चुकता पाठवत आले. आणि एक दिवस त्यांचा फोन आला.

"जावईबापू, एक काम आहे. ते नोंदणीचं प्रकरण मोबाईलवर करायचं असतं म्हणे. मला ते जमायचं नाही. तुम्ही कराल?"

मी केलं. पत्ता माझा दिला, कारण दुपारी ते गणपतीच्या देवळात जाऊन बसतात आणि घराला कुलूप असतं. पार्सलाचा नंबर आला तो त्यांना कळवला. त्यावर त्यांनी एकच अट घातली.

"आलं की पेटी तशीच ठेवा. उघडू नका. मी उघडीन. तीस वर्षं पोरांना महाराजांची नाणी फळ्यावर खडूने काढून दाखवली हो. हातात एकही आलं नाही. हे पहिल्यांदा मला बघू दे."

इतकं स्वच्छ सांगितलेलं असताना मी पेटी का उघडली, असं कोणीही विचारील. बायकोने विचारलं नाही, पण ती सोडून कोणीही विचारील.

त्याचं असं आहे, की दिवाळीच्या आधी देवघरातली सगळी उपकरणी घरच्या पुरुषाने घासायची, अशी आमच्या घराची पद्धत आहे. आजोबा घासायचे, वडील घासायचे, आता मी घासतो. बायकोपेक्षा मला जास्त चांगलं जमतं असं घरातलं हे एकमेव काम, आणि तेही वर्षातून एकदाच येतं. त्यामुळे मी त्यात जरा जास्तच शिरतो. आदल्या दिवशी पार्सल आलं होतं. पोस्टमनच्या मोबाईलवर मी बोटाने सही केली होती आणि पेटी कपाटात ठेवून दिली होती. दुसऱ्या दिवशी समया आणि पंचपात्री घासता घासता मनात आलं, की लक्ष्मीपूजनाला आपण चांदीचं नाणं मांडतोच. साक्षात महाराज घरात आलेले असताना त्यांना कपाटात कोंडायचं आणि पेढीवरून आणलेलं जुनं नाणं पाटावर ठेवायचं, हे काही बरोबर दिसत नाही. एक संध्याकाळ पूजेला ठेवू, परत पेटीत घालू. कोणाला काय कळणार आहे?

पेटीत प्लास्टिकची एक गोल डबी होती आणि डबीत नाणं. ते आरसाच होतं हो. महाराजांची छबी दुधाळ, उठावाची, आणि भोवतीचा भाग इतका नितळ की त्यात मला माझं नाक दिसलं. डबी उघडायला घट्ट. सुरीचं टोक घातलं, ती टचकन उघडली आणि नाणं उडालं. मी ते झेललं. क्रिकेटमध्ये जन्मात एक झेल घेतला नाही, पण हा घेतला, आणि तोही कोकमाने लाल झालेल्या हातात. आरशावर माझा अख्खा अंगठा उमटला. फडक्याने पुसला, तर पसरला. मग विचार केला, की कोकम लागलंच आहे, तर...

पुढचं सांगून झालंच आहे.

त्या संध्याकाळी आंजर्ल्याहून फोन आला तेव्हा मी खरं सांगायचं असं पक्कं ठरवून उभा होतो. दोन वाक्यं मनात तयारही करून ठेवली होती.

"आलं का हो?" सासऱ्यांनी विचारलं.

"अजून नाही, बाबा. दिवाळीची गर्दी असते ना टपालात."

हे माझ्या तोंडातून कसं निघालं, ते मला आजही सांगता येणार नाही. बायको चकल्या तळत होती. तिने झारा कढईच्या काठावर ठेवला.

"गर्दी?"

"असते ना."

"हे बघा, मी मध्ये पडणार नाही. तुम्ही घासलंत, तुम्हीच सांगायचं. बाबांशी मी खोटं बोलणार नाही, आणि तुमच्या वाटचं खरंही बोलणार नाही. त्यांनी मला विचारलं तर फोन तुमच्या हातात देईन."

लक्ष्मीपूजनाला मात्र तिने ते नाणं स्वतः पाटावर मांडलं. "ज्यासाठी एवढं केलंत ते तरी होऊ दे," म्हणाली. हळदकुंकू वाहिलं. त्या उजेडात नाणं चांगलं दिसत होतं. मी तसं म्हणणार होतो, पण तिच्याकडे पाहिलं आणि आरती म्हणायला लागलो.

मी निश्चय केला, की हे आपणच निस्तरायचं. कचेरीत माझं काम पत्रांचे मसुदे करण्याचं. कुठल्याही भानगडीतून सभ्य भाषेत बाहेर कसं पडायचं, ते जमतं म्हणूनच मला पगार मिळतो. तेव्हा याही भानगडीला उपाय असणारच. पाडव्याच्या दिवशी मी मांडवीला गेलो. तिथे बंदरखात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना नाण्यांचा नाद आहे, असं कचेरीतल्या एकाने सांगितलं होतं.

काका पडवीत बसले होते. मी नाणं काढलं, तर त्यांनी आधी हात वर करून मला थांबवलं, आत जाऊन पांढरे सुती मोजे हातात चढवले आणि टेबलावर मखमलीचा तुकडा अंथरला. हे पाहूनच माझा अर्धा निश्चय खाली बसला. त्यांनी भिंगातून पाहिलं. उलटवून पाहिलं. वास घेतला.

"कोकम," ते म्हणाले.

"हो."

"आणि राख. कसली?"

"नारळाच्या सोडणांची. न्हाणीच्या चुलीतली."

डॉक्टर मान हलवतात तशी त्यांनी मान हलवली आणि आत हाक मारली, "अगो, बाहेर ये जरा. बघ, ह्यांनी काय केलंन ते!"

काकू हात पुसत आल्या. वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, किती स्वच्छ केलंय! नाहीतर तुमची ती नाणी. काळीकुट्ट."

"तू आणि हे, दोघं एकाच पंगतीतली," काका म्हणाले. "जा, चहा टाक."

मी विचारलं, "हे पहिल्यासारखं होईल का?"

"अंडं उकडून आणलंत, आणि आता कच्चं करून द्या म्हणताय."

"दुसरं मिळेल?"

"नोंदणी कधीच बंद झाली. माझ्याकडे आहे, पण एकच आहे."

"ते जर चार दिवस..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत काकांनी टेबलाचा खण किल्ली लावून बंद केला. "तुमच्या हातात? माफ करा हो. तुमची दिवाळी अजून चालू आहे."

चहा आला. काकूंनी बशीत करंज्या ठेवल्या. मी इतका पडलेला चेहरा करून बसलो होतो की काकांना दया आली असावी. त्यांनी विचारलं, "आणखी काय काय घासता तुम्ही?"

मी यादी सांगितली. समया, ताम्हन, पळी, घंटा, बाळकृष्ण. "आणि एक तांब्याचा जाड ढब्बू पैसा आहे देवात. आजोबांच्याही आधीपासूनचा."

काकांनी कप खाली ठेवला. "ओबडधोबड? कडा वाकडी?"

"हो."

"अक्षरं आहेत?"

"होती म्हणे. आता एका बाजूला 'श्री' लागतो हाताला, आणि त्याच्याखाली एक 'रा'. दुसरी बाजू गुळगुळीत."

"अहो भल्या गृहस्था, ती शिवराई! महाराजांच्या नावाचं नाणं. फार मोलाचं असेल असं समजू नका, अशी पुष्कळ सापडतात, आणि महाराजांच्या मागूनही कित्येक वर्षं ती पाडत होते. तुमचं कुठल्या काळातलं, ते आता देवच जाणे. पण नाव त्यांचंच." मग ते मागे रेलले आणि पोट हलेपर्यंत हसले. "म्हणजे हे नाणं घासलंत ही काही तुमची एकट्याची चूक नाही. तुमच्या घराण्यात तीन पिढ्या महाराजांचं नाव कोकमाने पुसणं चालू आहे. आणि मास्तरांच्या कधी दृष्टीस पडलं नाही ते?"

पडणार कसं? सासरे जुन्या वळणाचे. मुलीच्या घरी आलेच तर ओटीवर बसणार, पाणी पिणार, आणि परतीची गाडी विचारणार. आमचं देवघर आतल्या खोलीत. जन्मभर जे नाणं फळ्यावर काढलं ते त्यांच्यापासून दोन खोल्यांवर, बाळकृष्णाच्या पायाशी पडून होतं, आणि मी दर वर्षी ते थोडं थोडं कमी करत होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने देवघरातून तो ढब्बू पैसा आणला, पदराने पुसला आणि कितीतरी वेळ अंगठ्याने चाचपत राहिली. "श्री," ती म्हणाली.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी फोन वाजला. या वेळी सासऱ्यांचा आवाज वेगळाच होता. वर्गात गोंधळ चालू असताना ते दारात येऊन उभे राहत, तेव्हाचा असावा.

"जावईबापू, मी काल पोस्टातल्या माणसाला घरी गाठलं. तुम्ही दिलेला नंबर त्याने मोबाईलवर टाकून बघितला. त्यात येतंय, पार्सल पोचलं. आणि सहीसुद्धा आहे म्हणे. तुमच्या नावची!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उघड आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडच्या पोस्टमनने खोटी सही ठोकली आणि पार्सल कुठेतरी टाकलं, नाहीतर ठेवून घेतलं. मी तक्रार लिहिली आहे. ऐका." आणि त्यांनी वाचून दाखवलं. "'माझे जावई हे अत्यंत सचोटीचे गृहस्थ असून सदर पार्सल मिळालेले नाही असे त्यांनी मला स्वतः सांगितले आहे. सबब संबंधित पोस्टमनची कसून चौकशी व्हावी.' सोमवारी पोस्ट उघडलं की रजिस्टर करून टाकतो. कसं वाटतंय?"

आमचा पोस्टमन गेली बारा वर्षं तोच आहे. मुसळधार पावसात स्वतः भिजतो, पण लोकांची पत्रं शर्टाच्या आत पोटाशी धरून आणतो. त्या दिवशी पेटी देताना म्हणाला होता, "काहीतरी भारी दिसतंय, साहेब. जपून घ्या."

"सही तुमची नव्हेच ना?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांनी ते नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं. उत्तर त्यांनी माझ्यासाठी आधीच देऊन ठेवलेलं होतं.

"बाबा," मी म्हणालो, "मी उद्या येतो."

"अहो, उद्या रविवार. कशाला सुट्टी घालवता? एवढ्यासाठी?"

"येतोच."

फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती.

"मी येऊ?" तिने विचारलं.

"नको. तू आलीस तर तुझ्याकडे बघून मी काहीतरी वेगळंच बोलेन."

तिने मान हलवली. रात्रीच चिवड्याचा डबा भरला, नाणं एका रुमालात बांधलं आणि ढब्बू पैसा दुसऱ्या रुमालात. "हाही न्या," म्हणाली. "आधी कुठला काढायचा, ते कळतं ना?"

"चांदीचा."

"चांदीचाच. तांब्याचा काढून बाबांना आधी खूश करायचं, असलं कचेरीतलं डोकं चालवू नका."

मी अगदी तेच ठरवलं होतं.

पहाटेच्या दापोली गाडीत मला खिडकी मिळाली. झोप येईना, म्हणून मी मनातल्या मनात मसुदा करत बसलो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून सुरुवात केली. खेडपर्यंत चार मसुदे झाले आणि चारांतही दोष शेवटी कोकमावर जात होता. मग मसुदे सोडून दिले. ठरवलं, की घरात पाऊल टाकल्यावर पाणी पिण्याच्या आधी सांगायचं. कोणी पाणी पुढे केलं तरी घ्यायचं नाही. दापोलीला उतरून आंजर्ल्याची गाडी पकडली. त्या गाडीत शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय रे, बरं नाही का तुला? लिंबू देऊ?" मी लिंबूही नाकारलं.

सासरे पडवीत टेबलाशी बसले होते. समोर भिंग, शाईचं पेन आणि तो कागद.

"आलात? बसा, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. आधी..."

"आधी हे वाचा. तुमचा हात कचेरीचा, कुठे शब्द कमीजास्त असेल तर सांगा. 'हलगर्जीपणा' घातलंय. 'निष्काळजीपणा' जास्त शोभेल का?"

मी उभ्यानेच वाचलं. अक्षर वळणदार, एक खाडाखोड नाही. 'सचोटीचे' या शब्दाखाली त्यांनी पट्टीने रेघ मारली होती.

"दोन्ही शब्द चालतील, बाबा," मी म्हणालो. "माणूस चुकीचा घातलाय."

आणि रुमाल सोडून नाणं त्या कागदावर ठेवलं. "सही माझीच आहे. पार्सल धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीच आलं होतं. मी खोटं बोललो."

त्यांनी भिंग उचललं. बघत राहिले. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूचा केलेला आहे, दुसरा अजून राहिलाय. नाणं कधी या डोळ्याजवळ नेत, कधी त्या. बाहेर कोणाच्यातरी घरी टीव्हीवर मोठ्याने काहीतरी चाललं होतं.

"हे कशाने झालं?"

"कोकमाने. आणि राखेने."

"का?"

"अंगठा उमटला म्हणून."

"अंगठा का उमटला?"

"पेटी उघडली म्हणून."

"पेटी का उघडली?"

"लक्ष्मीपूजनाला महाराज कपाटात कसे ठेवायचे, असं वाटलं म्हणून."

"ही कारणं झाली," ते म्हणाले. "परिणाम सांगा."

मी पन्नाशीला टेकलेला माणूस, हाताखाली दोन कारकून, आणि मला एक परिणाम सांगता येईना. शेवटी म्हणालो, "बाबा, झळाळी गेली खरी, पण छबी आता जरा जास्त नीट दिसते असं मला..."

"उगीच समजूत घालू नका. कडेची सगळी बारीक नक्षी बुजलीय." त्यांनी नाणं खाली ठेवलं. "वाईट वाटलं. फार वाटलं. पण हे नाणं गेलं तर माझं गेलं, ते मी सोसलं असतं. तुम्ही मला एका कामसू माणसाविरुद्ध लिहायला बसवलंत. उद्या हा कागद गेला असता, तर त्या बिचाऱ्याच्या घरी कुठली दिवाळी?"

"म्हणून तर आलो."

"हो," ते म्हणाले. "ते मी बघतोय."

त्यानंतर ते उठले आणि आत गेले. मला वाटलं, आता आतच राहणार. पण ते कोरा कागद घेऊन परत आले, माझ्यापुढे ठेवला आणि आपलं पेन दिलं. "लिहा. टपाल कचेरीला. पार्सल वेळेवर आणि सुस्थितीत मिळालं, पोस्टमनने हातात आणून दिलं, त्याबद्दल आभार. पोस्टातल्या माणसाकडे मी नको ते बोलून बसलोय. ते निस्तरायला हवं. खाली तुमची सही. खरी."

मी लिहिलं. आयुष्यात इतका साधा मसुदा मी केला नव्हता. त्यांनी लाल पेन काढून भिंगातून तपासला आणि तीन चुका काढल्या. एका वाक्याखाली रेघ मारून म्हणाले, "'सदरहू'ची गरज नाही. पुन्हा स्वच्छ लिहा."

दुसऱ्यांदा लिहून झाल्यावर मी पाणी प्यायलो. मग दुसरा रुमाल काढला.

"हे काय आणखी?"

"आमच्या देवातलं आहे. मांडवीचे एक जण म्हणतात, शिवराई आहे."

त्यांनी भिंग घेतलंच नाही. नाणं डाव्या तळहातावर ठेवलं आणि उजव्या हाताचा अंगठा त्यावरून हळूहळू फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. खडू धरून धरून तो अंगठा चपटा झालेला आहे. तो एका जागी थांबला.

"श्री," ते म्हणाले. "खाली 'रा' आहे. कुठे होतं हे?"

"आमच्या देवघरात."

"चोवीस वर्षं?"

"आधीपासूनच."

"मी ओटीवर बसून पाणी पीत होतो तेव्हा?"

"हो."

त्यांनी तक्रारीचा कागद ओढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर न बघताच एक वर्तुळ काढलं. कडेने ठिपके दिले. आत तीन ओळी लिहिल्या. मग दुसरं वर्तुळ, त्याच्यात दोन ओळी. तीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती, हात कुठे अडला नाही. मग त्या आकृतीशेजारी आमचा गुळगुळीत ढब्बू पैसा ठेवला आणि बोटाने दाखवू लागले. "ही ओळ इथे होती. ही इथे. ठिपके असे पूर्ण फिरलेले होते. हे गेलं, हे गेलं, हेही गेलं." आणि माझ्याकडे बघितलं. "दर दिवाळीला?"

"दर दिवाळीला."

"कोकमाने?"

"आजोबांपासून."

आणि ते हसले. बारीक, नाकातल्या नाकात. पण हसले.

शेजारच्या वहिनींनी डबा पाठवला होता, तो दोघांनी खाल्ला. निघताना मी म्हणालो, "शिवराई राहू दे तुमच्याजवळ." त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ स्वतः मिटली.

"देवातलं आहे, देवात ठेवा. साध्या पाण्याने धुवायचं आणि कोरड्या फडक्याने टिपायचं. कोकम सोलकढीत घालत जा." चांदीचं नाणं त्यांनी त्या आकृतीच्या कागदात गुंडाळलं आणि पेपरातल्या कात्रणाच्या वहीत ठेवलं. दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मी आलो की ओटीवर बसायचा नाही. आत येणार."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणी होऊन गेली होती. बायकोने माझ्या हातातून रुमाल घेतला, शिवराई बाळकृष्णाच्या पायाशी ठेवली आणि नमस्कार केला. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "माहीत आहे. बाबांचा फोन येऊन गेला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पाणी प्यायच्या आधी सगळं सांगितलंत. जावई खोटं बोलतात हे वाईट. पण त्यांना ते चार दिवससुद्धा पेलत नाही, एवढं बरं आहे."

मी जरा सैलावून खुर्चीत बसलो. तिने फराळाची एक पिशवी माझ्या मांडीवर आणून ठेवली. चकल्या, करंज्या, वर लाडवांचा डबा.

"माझ्यासाठी?"

"पोस्टमनसाठी. उद्या पोस्ट उघडतंय, तो येईल. तुम्ही स्वतः दारात जाऊन द्यायची. आणि एवढी कशासाठी म्हणून त्याने विचारलं, तर तेही तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली. "पाणी पिण्याच्या आधी."